नाही कोण म्हणालं?

माझ्या टेबलावर उजव्या हाताला गरम पाण्याचा स्टीलचा पेला असतो. नव्याने येणाऱ्याला वाटतं, ताईंचा घसा बसलाय. तो पेला अंगठ्यांसाठी आहे. थंडीत सकाळी नवाला येणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची बोटं गार आणि कोरडी असतात, मशीनवर थम लागत नाही. मग पेला दोन्ही हातांत धरून बसायला सांगते. मिनिटभराने ओल्या फडक्याने बोट पुसायचं, किंचित व्हॅसलीन चोळायचं, परत पुसायचं आणि जोर न लावता काचेवर टेकवायचं. आल्याची काढणी चालू असली तर त्याआधी जुन्या टूथब्रशने रेषांतली माती काढावी लागते. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. मला एका रेशन दुकानदाराने शिकवलं आणि त्याला त्याच्या गिऱ्हाइकांनी.

माझं सेवा केंद्र कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात आहे. दारातून जरंडेश्वराचा डोंगर दिसतो. २०१२ पासून मी हेच काम करते. उत्पन्नाचे दाखले, सातबारा, पीकविमा, केवायसी आणि ज्याला कुठल्याच यादीत नाव नाही असं पुष्कळ काही: पोराचा निकाल बघून देणं, बँकेतून आलेल्या मेसेजचा अर्थ सांगणं, मुलाने मुंबईहून पैसे पाठवले का ते बघणं.

थम का लागत नाही हे मी वाचून समजून घेतलं. काचेखालून प्रकाश पडतो. बोटावरच्या उंच रेषा काचेला टेकतात, मधल्या खोलगट जागा टेकत नाहीत आणि त्या फरकातून ठसा तयार होतो. वय झालं की कातडी पातळ आणि कोरडी होते. ज्याने आयुष्यभर ऊस तोडला, विटा उचलल्या, आलं खणलं, त्याच्या रेषा झिजलेल्या असतात. म्हणजे ज्याने हाताने सगळ्यात जास्त काम केलं, त्याचाच हात मशीनला ओळखू येत नाही. पहिल्यांदा हे लक्षात आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं.

मागच्या वर्षी साताऱ्याला एका प्रशिक्षणाला गेले होते. तिथल्या सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: मानवकेंद्री तंत्रज्ञान. सर मनापासून बोलले. म्हणाले, याचं जागतिक मानकसुद्धा आहे, आयएसओ ९२४१-२१०, ते २०१० साली आलं. यंत्रणा बनवताना सुरुवातीपासून वापरणाऱ्याला सोबत घ्या, तो कुठे बसून काम करतो ते समजून घ्या, त्याच्याकडून करून बघा, चुकलं तर बदला, असं त्यात सांगितलंय. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. परत येताना एसटीत वही उघडली आणि एका शब्दावर अडले. वापरणारा. हा कोण?

सिस्टीमच्या लेखी यूजर मी आहे. लॉगिन माझं, पासवर्ड माझा, मशीन माझ्या नावावर. समोरच्या खुर्चीत बसलेली बाई यूजर नाही. तिच्यासाठी ‘अर्जदार’ नाहीतर ‘लाभार्थी’ असा रकाना आहे. बटण कुठे हवं, अक्षर किती मोठं हवं, हे कधी कुणाला विचारावंसं वाटलंच तर मला विचारतील. तिला विचारायला कुणी येणार नाही. आणि काही बिघडलं तर तिचं बिघडतं. माझा फक्त वेळ जातो. केंद्र हा शब्द माझ्या दुकानाच्या पाटीवरच आहे, म्हणून मला या गोष्टीचा फार त्रास होतो.

आता आक्कांचं सांगते. त्यांना विचारूनच लिहितेय. ‘नाव नगं घालू, बाकी खुशाल लिव्ह’ म्हणाल्या.

आक्कांचं वय आधारवर ७८ आहे. जन्मतारीख १ जानेवारी. आमच्याकडे १ जानेवारी आणि १ जून या दोन दिवशी अर्धं गाव जन्मलेलं आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लावला. जे शाळेत गेलेच नाहीत त्यांनी आधार काढताना अंदाजाने वय सांगितलं, तेव्हा मशीनने १ जानेवारी लावली. मशीनला तारीख लागतेच. ‘मोठ्या दुष्काळाच्या साली, पेरणीच्या वक्ताला’ हे उत्तर घालायला रकाना नाही. माणसाने आपलं खरं उत्तर सोडून मशीनला चालेल असं खोटं उत्तर द्यायचं आणि पुढे वीस वर्षं ते खोटं प्रत्येक कागदावर जुळतं का ते तपासत बसायचं, असा हा प्रकार आहे. नावाचंही तेच. इंग्रजी टीचा त करायचा की ट, हे संगणक स्वतःच ठरवतो. तातोबाचा टाटोबा होतो. कुणी बारकाईने पाहिलं नाही तर तसाच छापून येतो. मग सातबारावर तातोबा, कार्डावर टाटोबा, आणि ‘हे दोघे एकच’ असं प्रतिज्ञापत्र करायला तो माणूस तालुक्याला जातो. चूक संगणकाची, गाडीभाडं तातोबाचं.

तर आक्का. महिन्याला थोडे पैसे येतात, त्यात गोळ्या आणि मीठमिरची भागते. वर्षातून एकदा आपण हयात आहोत हे दाखवावं लागतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पैसे बंद झाले. माझ्याकडे आल्या तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. गरम पाण्याचा पेला झाला, व्हॅसलीन झालं, दहाच्या दहा बोटं झाली. नाही लागलं. मग फोनवरून चेहऱ्याने ओळख पटवायचा मार्ग काढला. गोलात चेहरा धरायचा आणि पापणी लववायची. पापणी यासाठी की समोर फोटो धरलेला नाही, जिवंत माणूस आहे, हे मशीनला कळावं. आक्कांच्या डाव्या डोळ्याची पापणी फार वर्षांपासून नीट मिटत नाही. उजवी मिटायची तर त्या सगळा चेहराच मिटवायच्या, मान हलायची, गोल लाल व्हायचा. फोनवरची सूचना इंग्रजीत. मी ओरडून सांगतेय, ‘आक्का, मान नको, नुसता डोळा!’ त्या घाबरून आणखी जोरात मिटतायत. सतरा वेळा केलं. मी मोजलं, कारण प्रत्येक वेळी मला वाटत होतं आता होईल.

शेवटी मी फोन खाली ठेवला.

‘काय म्हनतंय?’

‘नाही म्हणतंय, आक्का.’

‘न्हाय कोन म्हनलं? साहेब बदललं का?’

आक्कांच्या आयुष्यात प्रत्येक ‘नाही’ला तोंड होतं. मुकादम नाही म्हणायचा, सावकार नाही म्हणायचा, कचेरीतला कारकून नाही म्हणायचा. त्याच्यापुढे हात जोडता यायचे, भांडता यायचं, दुसऱ्या दिवशी परत जाता यायचं, गावातल्या चार शहाण्यांना मध्ये घालता यायचं. या ‘नाही’ला कुठून धरायचं? मी घरी जाऊन रात्री उशिरापर्यंत याच प्रश्नावर बसले होते.

आपल्या राज्यात २०१५ साली लोकसेवा हक्क अधिनियम झाला. त्यात स्पष्ट आहे की अर्ज नाकारला तर कारण लेखी द्यायचं आणि अपील कुणाकडे करायचं तेही सांगायचं. मी हा कायदा दुकानात भिंतीवर लावलाय. पण आक्कांना त्याचा उपयोग झाला नाही, कारण त्यांचा अर्ज कुणी नाकारलाच नव्हता. अर्ज पुढे गेलाच नाही. थम लागल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही आणि पुढचं पान उघडल्याशिवाय अर्जाला क्रमांक मिळत नाही. क्रमांक नाही म्हणजे नोंद नाही. वर बसून कुणी आकडे काढले तर त्यात ‘नाकारलेले अर्ज’ कमीच दिसतील, ‘प्रलंबित’ही कमी दिसतील. आक्का त्या आकड्यांत कुठेच नाहीत. त्या त्या दिवशी माझ्या दुकानात आल्या होत्या याचा पुरावा फक्त माझ्या आठवणीत आहे. मला यात सगळ्यात मोठा अन्याय हाच वाटतो. थम न लागणं ही अडचण आहे, ती कुठल्याही यंत्रात येईल. पण अडचण आली याची साधी नोंदही न राहणं हे कुणीतरी तसं बनवलंय म्हणून घडतं.

पापणीच्या बाबतीत मला पुढे एक गोष्ट कळली आणि धीर आला. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या, पापणी मिटता न येणाऱ्या स्त्रिया आणि दृष्टिहीन माणसं केवायसीत अडत होती म्हणून ती न्यायालयात गेली होती. न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि २० निर्देश दिले. जिवंतपणा ओळखायला पापणीशिवाय दुसरे मार्ग ठेवा, हा त्यातला गाभा. मी तो निकाल वाचून आक्कांना सोप्या भाषेत सांगितला. त्या म्हणाल्या, ‘म्हंजी दिल्लीपत्तूर आमच्यासारक्या हायत.’ होय, आहेत.

हे वाचून कुणाला वाटेल मला जुने दिवस परत हवेत. अजिबात नको. माझी आई १९९४ साली माझ्या शाळेसाठी एक दाखला काढायला गेली होती. तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला आडनाव विचारलं, कुठली आळी ते विचारलं आणि मग शिक्का सापडेना. तिसऱ्या खेपेला आईने शेंगांची पिशवी नेली, तेव्हा शिक्का सापडला. त्या कचेरीत माणूस माणसाला ओळखत होता आणि म्हणूनच आईला उंबऱ्याबाहेर उभं केलं होतं. आज तोच दाखला माझ्याकडे येतो तेव्हा मशीन आळी विचारत नाही. शेंगा मागत नाही. रात्री अकराला भरला तरी भरून घेतं. हे मी विसरणार नाही, आणि जे सरसकट ‘पूर्वीचंच बरं होतं’ म्हणतात त्यांना पूर्वी कुणी उंबऱ्याबाहेर उभं केलेलं नसतं.

आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक आहेत, कंबरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१४ ला जीवन प्रमाण, म्हणजे पेन्शनवाल्यांचा ऑनलाइन हयातीचा दाखला, सुरू केलं आणि २०२१ पासून त्यात चेहऱ्यानेही ओळख पटवता येते. गुरुजींचं काम मी त्यांच्या कॉटशेजारी उभं राहून दोन मिनिटांत केलं. आधी त्यांना खुर्चीसकट रिक्षात घालून न्यायचे. भाजीवालीच्या पाटीत ठेवलेला तो बोलका डबा बघा, ‘पन्नास रुपये मिळाले’ म्हणणारा. तिला हात पुसून फोन उघडावा लागत नाही, वाचावं लागत नाही, गिऱ्हाईक खोटा स्क्रीन दाखवून जात नाही. तो डबा बनवणाऱ्याने तिचे ओले हात बघितले असणार. असं कुणीतरी बघितलंय हे वस्तू हातात घेतल्यावर कळतं.

थमच्या बाबतीतही माझं मत एकतर्फी नाही, ते म्हसवडमुळे. आमच्याच जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या म्हसवडला, चेतना सिन्हा यांनी बायकांची सहकारी बँक उभी केली. परवाना मागितला तेव्हा रिझर्व्ह बँकेने आधी नकार दिला, कारण बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बायका शिकायला बसल्या. परत गेल्या तेव्हा म्हणाल्या, आम्हाला मुद्दलावरचं व्याज तोंडी काढायला लावा आणि तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता काढायला लावा. १९९७ साली माणदेशी बँक सुरू झाली. पुढे पिन द्यायची वेळ आली तेव्हा याच बायकांनी पिन नको म्हटलं. पिन कुणीही काढून घेईल आणि कष्टाचे पैसे नेईल, अंगठा कोण चोरणार? अंगठाच बरा. चेतनाताईंनी ही हकीकत जाहीर भाषणांत सांगितली आहे आणि ती ऐकताना मी थांबले. ज्या काचेमुळे आक्का रडकुंडीला आल्या तीच काच म्हसवडच्या बाईला हवी होती. फरक काय? तिला विचारलं होतं. घरात पैशावर कुणाचा डोळा असतो हे तिला ठाऊक होतं, बनवणाऱ्याला ते ठाऊक असायचं कारण नव्हतं, आणि तिने सांगितल्यावर ते ऐकणारी माणसं पलीकडे होती. बँक त्यांचीच, अडलं तर बोलायला समोर माणूस.

विचारलं नाही की काय होतं त्याचं एकच उदाहरण देते. एका योजनेच्या केवायसीत बाईचा आधार क्रमांक घालून झाल्यावर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा घालायचा होता आणि त्यांच्या फोनवर ओटीपी यायचा होता. माझ्यासमोर बसलेल्या बाईचा नवरा करोनात गेला. वडील त्याच्याही आधी. तिने विचारलं, ‘ताई, आता कुणाचा घालू?’ मागे रांगेत सात-आठ बाया होत्या, सगळ्या गप्प झाल्या. तिला आपलं वैधव्य त्या रांगेसमोर पुन्हा उच्चारावं लागलं, केवळ एका रकान्यामुळे. ज्याने तो रकाना आखला त्याच्या मनात वाईट नव्हतं याची मला खात्री आहे. त्याच्या टेबलाभोवती अशी एक बाई बसलेली नव्हती, एवढंच.

आता माझ्या स्वतःच्या हातून काय झालं तेही लिहायला हवं, नाहीतर हे लिहिणं खोटं ठरेल. माझ्याकडे एक वही होती. त्यात गावातल्या साठ-सत्तर माणसांचे पासवर्ड, काहींचे पिनसुद्धा. लोक स्वतःच सांगायचे, ‘तुझ्याजवळच ठेव बाई, आमच्या ध्यानात ऱ्हात न्हाय.’ ओटीपी आला की फोन माझ्यापुढे सरकवायचे. आणि ‘मी सहमत आहे’ या चौकोनात मी किती हजार माणसांच्या वतीने बरोबरची खूण केली असेल, सांगता येणार नाही. कशाला सहमत, हे मी वाचलेलं नव्हतं. ज्याच्या नावाने सहमती गेली त्याला तर चौकोन होता हेही माहीत नव्हतं. वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ साली संसदेने केला. त्यात म्हटलंय की संमती मागताना माणसाला ते इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी त्याला हवी त्या भाषेत वाचायचा पर्याय द्यायचा. मराठी त्यात आहेच. पण आक्कांना मराठीही वाचता येत नाही. मग संमती कुणी समजावून सांगायची? तो माणूस मीच आहे आणि मी बारा वर्षं ते केलं नव्हतं.

ती वही मी चुलीत घातली. पिन आता घेत नाही, कुणी रागावलं तरी. चौकोनाच्या आधी थांबते आणि सांगते, ‘मामा, हे म्हणतंय तुमचा फोन नंबर आणि जमिनीची माहिती ते दुसऱ्यांना देऊ शकतात. चालेल?’ एका अर्जाला चार मिनिटं जास्त लागतात. मागे रांग असते, वीज जायच्या बेतात असते, सेशन संपून सगळं परत पहिल्यापासून भरायची वेळ येते. या चार मिनिटांचे मला कुणी पैसे देत नाही आणि सिस्टीमही ती गृहीत धरत नाही. ज्या पानावर माणूस वाचायला थांबला की पान स्वतःच बंद होतं, त्या पानाने संमती मागितली असं मी मानत नाही. बरेच जण ऐकून ‘चालंल’ म्हणतात. मागच्या महिन्यात एक मामा ‘न्हाय चालत’ म्हणाले आणि उठून गेले. मला आनंद झाला.

आक्कांचं काम शेवटी झालं, पण कसं ते ऐका. मी दुकान बंद करून त्यांना घेऊन दोनदा तालुक्याला गेले. दुसऱ्या खेपेला एका मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, डोळ्याकडे पाहिलं, कागदावर लिहून घेतलं, सही केली. पाच मिनिटांचं काम. त्या मॅडमना तसं लिहून घ्यायचा अधिकार आधीपासून होता. पण माझ्या स्क्रीनवर ‘अडलं तर यांच्याकडे जा’ असं एक अक्षर नव्हतं. मधल्या आठ महिन्यांचे पैसे आलेले नाहीत.

२०१७ च्या ऑक्टोबरात केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवलं होतं की थम लागला नाही म्हणून रेशन नाकारू नका, धान्य द्या आणि अपवादाची वेगळी नोंद ठेवा. मला यातला नोंदीचा भाग फार आवडला. म्हणून मीही मागच्या महिन्यात कोरेगावातून दोनशे पानी रजिस्टर आणलं. ज्याचं काम मशीनने अडवलं त्याची ओळ त्यात लिहिते: तारीख, काय करायला आला होता, मशीन काय म्हणालं ते मराठीत, किती वेळा करून बघितलं, पुढे काय झालं. नाव नाही, नंबर नाही, फक्त वय आणि काम. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी ‘परत गेले’ लिहिलंय. पहिली ओळ मी आक्कांची घातली, जुनी असली तरी.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी साताऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयात लोकांच्या तक्रारी ऐकायचा लोकशाही दिन असतो. ते रजिस्टर घेऊन मी जाणार आहे. प्रत्येक ‘नाही’ला एक क्रमांक द्या, कारण मराठीत दाखवा आणि पुढे कुणाला भेटायचं ते त्याच पानावर लिहा, एवढं मागणार आहे. परवा आक्का गोळ्या घ्यायला गावात आल्या होत्या, तेव्हा त्यांना सांगितलं.

त्या म्हणाल्या, ‘मी बी येती. मला बघू तर देत त्यास्नी.’

सकाळची साडेसातची एसटी आहे. पुढची सीट धरून ठेवायला कंडक्टरला सांगितलंय, त्यांचे गुडघे वळत नाहीत.